चौदाव्या चित्राचे पाय

३ मार्च
म्हणे पाय चुकलेत! बेटावरच्या आचाऱ्याचं पत्र आलंय. हो, आचारी! भर समुद्रात कुठलंसं बेट, त्यावर हवामानाची वेधशाळा, तिथे सहा माणसांचा स्वयंपाक करतो. बेटांवरच्या पक्ष्यांची आमची ओळखपुस्तिका वाचून महाशय कळवतात – "चौदाव्या चित्रातल्या बेटकोंबडीचे पाय तुम्ही तपकिरी काढलेत. ते शेंदरी असतात. मी रोज बघतो, ती ओट्याखाली येते."

ओट्याखाली येते! मी ती कोंबडी संग्रहालयात बसून, भिंगाखाली धरून, पीस न् पीस पडताळून काढली. अकरा दिवस लागले. याने कढईतून मान वर करून पाहिली, झाला तज्ज्ञ.

४ मार्च
प्राध्यापकांना पत्र दाखवलं. मजकूर त्यांचा, चित्रं माझी. पस्तीस बेटांवर अधिकारवाणीने लिहिलंय, पण होडीत पाय ठेवला की यांना उलट्या होतात, त्यामुळे एकही पाहिलेलं नाही. मीही नाही, पण मी तसा आव आणत नाही. म्हणाले, "तुम्हीच ठरवा, बाई. दुसरी आवृत्ती एप्रिलअखेर छापायला जातेय." म्हणजे चूक निघाली तर माझी आणि नाही निघाली तर त्यांची विद्वत्ता!

बावीस वर्षांत माझ्या चित्रात कुणी चूक काढलेली नाही. आता हा काढणार?

५ मार्च
उत्तर टाकलं पोस्टात. चांगलं खरमरीत. शेवटची ओळ तर फारच जमली – "पक्षी प्रत्यक्ष माझ्या टेबलावर आल्याशिवाय मी कुणाच्या सांगण्यावरून रंग बदलत नसते." बसेल आता गप्प. टपालाचं जहाज तिकडे मे महिन्यात पोचतं. तोवर भाज्या चिरा म्हणावं.

२३ मार्च
प्रकाशकाला मुखपृष्ठावर पेंग्विन हवाय. अख्ख्या पुस्तकात पेंग्विन नाही! "लोकांना आवडतो हो." मग हत्ती काढते म्हटलं, तोही आवडतो.

११ एप्रिल
संग्रहालयात गेले होते. तिथे नमुने सांभाळणारे काका आहेत, त्यांना आचाऱ्याचा किस्सा रंगवून सांगितला. हसतील म्हटलं. हसले नाहीत.

"अहो, पायांचा रंग टिकतो कुठे? मेल्यावर थोड्याच दिवसांत उतरतो. या खणातले सगळेच तपकिरी आहेत, बघा की."

बघितलं. चाळीस पक्षी, ऐंशी पाय, सगळे एकाच रंगाचे. बावीस वर्षं मी हे खण उघडतेय! "ठाऊक आहे मला," म्हटलं. धडधडीत खोटं. इतकी लाज मला कधी वाटलेली नाही.

१२ एप्रिल
पाय शेंदरी केले. दहा मिनिटांचं काम. प्राध्यापकांना सांगितलं, "पुन्हा अभ्यास केला." त्यांनी मान डोलावली. तेवढं त्यांना छान जमतं. बाकीच्या चित्रांतल्या पायांचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

१३ एप्रिल
धाकटी बहीण तारघरात आहे. सगळं ऐकून म्हणाली, "ताई, तार कर त्याला. वेधशाळेत वायरलेस असतो, उद्या पोचेल. चारच शब्द – तुमचं बरोबर, माझं चुकलं."

ते चार शब्द आणि आचाऱ्याला! दुसरी आवृत्ती हातात पडेल तेव्हा बघेलच की. घाई कसली? "नाक फार वर असतं तुझं," म्हणाली. असू दे. खाली करून कुणाचं भलं झालंय?

१५ एप्रिल
तार केली नाही. आज पुन्हा विचारलंन. विषय बदलला.

८ जून
प्रकाशन समारंभ. मुखपृष्ठावर पेंग्विन. समुद्रावरच्या वाऱ्याबद्दल प्राध्यापक पाऊण तास बोलले, अगदी डोळे मिटून! नंतर एक गृहस्थ चौदावं चित्र उघडून मला म्हणाले, "हे शेंदरी पाय! प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय असं उतरत नाही." मी आभार मानले. माणसं कशालाही भुलतात. आचाऱ्याचं नाव कुठेच छापलेलं नाही. मी सुचवलंच नव्हतं.

२७ जुलै
बेटावरून पार्सल आलं. पत्र्याचा डबा, आत मीठ, मिठात बेटकोंबडी. पाय मातकट, कुठल्याच रंगाचे नाहीत. सोबत चिठ्ठी –

"बाई, टेबलावर आल्याशिवाय रंग बदलणार नाही म्हणालात, म्हणून पाठवतोय. पुस्तक चुकीचं राहू नये. या वर्षी दोनच दिसल्या. ही माझ्या हाकेला येते, म्हणून हीच धरता आली."