बाबांच्या रोपांची आंघोळ

१४ मे
हेल्वी येऊन गेली. कॉफी अर्धीच प्यायली. बाबांचं जंगल विकल्यापासून माझी बहीण माझ्याकडे काहीच पूर्ण खात-पीत नाही. विकायचा आग्रह माझा होता, मान्य. पण सही दोघांची होती. पुढच्या आठवड्यात झाडं तोडायचं मशीन येणार आणि सुईसारख्या पानांचे सगळे स्प्रूस वृक्ष आडवे होणार. त्याआधी तिने तिथल्या सर्वांत जुन्या झाडाखालून रोपं मातीसकट उकरून आणली. एक स्वतःला ठेवलं, बाल्कनीतल्या कुंडीत. फ्लॅटमध्ये आणखी कुठे लावणार. बाकीची माझ्या हवाली. म्हणाली, ताउनो, जंगल गेलं ते गेलं, निदान एवढी तरी जगव.
जगवणार. अशी जगवणार की तिने तोंडात बोटं घालावीत.

१५ मे, सकाळी
धक्का. रोपं बादलीतून काढली तर मुळांवर पांढरी जाळी. बुरशी! बारीक मुळांच्या टोकांना तर मोजे घातल्यासारखी गुंडाळलेली. हेल्वीला दिसली नाही? बिचारीचे डोळे गेले बहुतेक.
मी तीस वर्षं नगरपालिकेच्या स्विमिंग पूलचा मॅनेजर होतो. बुरशी म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. आमच्या फरशीवरून एकाही माणसाच्या पायाला बुरशी लागली नाही. (एक तक्रार आली होती. तो माणूस घरूनच घेऊन आला होता.)

१५ मे, संध्याकाळी
वाफेच्या आंघोळीचा सौना तापवला. आधी रोपं, मग आम्ही. कोमट पाणी, डांबराचा साबण, जुना टूथब्रश. एकेक मूळ लख्ख. शेवटी पायाला लावायची बुरशीची पावडर भुरभुरवली. सिर्पा दारात उभी राहून म्हणाली, आता त्यांना टॉवेल पण दे. बायकोच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही असं मी रिटायर होतानाच ठरवलं आहे.
जुनी माती फेकली. सगळी रोपं कॉटेजमागे पिशवीतल्या स्वच्छ मातीत लावली. कम्प्लीट हायजीन.

२७ मे
मशीनने काम संपवलं. मी बघायला गेलो नाही. कंबर दुखत होती. हेल्वी गेली होती. फोनवर म्हणाली, आता रस्त्यावरून थेट तळं दिसतं. मी म्हटलं, वा, छान. म्हटल्यावर जीभ चावली.
रोपांसाठी आता दुप्पट मेहनत.

२४ जून
काल उन्हाळी सणाची मोठी शेकोटी पेटवली, सॉसेज भाजले, डासांनी आम्हाला खाल्लं. रोपं जराशी पिवळी वाटतात. टोकं जांभळट. इकडे रात्रीही उजेड असतो, त्यांची झोप होत नसेल.
खत घातलं.

९ जुलै
आणखी खत घातलं. रोपं आणखी पिवळी. सिर्पा म्हणाली, तोंड नसलेल्याला किती भरवशील. तिला शेतीतलं काही कळत नाही. मलाही नाही, पण माझ्याकडे पद्धत आहे.

१६ जुलै
एक रोप घेऊन नर्सरीत गेलो. तिथल्या बाईने मुळं बघितली आणि विचारलं, ही कुणी घासली? मी म्हटलं, अशीच मिळाली.
मग तिने सांगितलं ते लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आपली इकडची जमीन कंजूष. नायट्रोजन, फॉस्फरस सगळं असतं, पण थंडीत काही नीट कुजत नाही, ते तिथेच अडकून बसतं. मुळांना तिथवर पोचता येत नाही. ती पांढरी बुरशी पोचते. तिचे धागे केसाहून बारीक, मातीत सगळीकडे शिरतात, अन्नपाणी ओढून आणतात आणि मुळाच्या हातात देतात. झाड बदल्यात तिला साखर देतं. त्या मोज्यांतूनच ही देवाणघेवाण चालते. जंगलातल्या रोपाला ही जाळी बहुधा शेजारच्या मोठ्या झाडाच्या मुळांवरूनच मिळते.
बाई म्हणाली, ज्याने घासली त्याने रोपांचे कमावते हातच तोडले. मी म्हटलं, कसली कसली माणसं असतात.
गाडीत बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे बाबांच्या झाडाने त्यांना जे बरोबर दिलं होतं, ते मी साबणाने धुतलं. लाज वाटते.
आज संध्याकाळी हेल्वीला फोन करून सगळं सांगायचं.

१७ जुलै
काल सौना होता. आज सांगायचं.

३ ऑगस्ट
शेवटच्या रोपाच्याही सुया गळाल्या. तसंच ठेवलं तर हेल्वी बघेल, म्हणून सगळी सौनाच्या चुलीत घातली. चांगली पेटली. हे लिहायला नको होतं.

५ ऑगस्ट
नर्सरीतून नवी आणली. तेवढ्याच उंचीची. बाईने विचारलं, आधीची? मी म्हटलं, ती एका मित्राची होती. मूळ धुवायचं नाही असं तिने तीनदा सांगितलं. मित्राला, म्हणे, निरोप द्या.
लेबलं काढली. थोडी वाकडी लावली, सरळ लावलं तर संशय येतो. ही फसवणूक नाही, हेल्वीच्या तब्येतीची काळजी आहे.

१२ ऑगस्ट
हेल्वीचा फोन. सप्टेंबरमध्ये येणार. रोपं कशी आहेत? मी म्हटलं, विचारू नकोस, नुसती फोफावलीत.
तेव्हाच आयडिया सुचली. खरं रोप एक तरी शिल्लक आहे, तिच्या बाल्कनीत! म्हटलं, तुझंही इकडे आण, एकटं कशाला राहील, भावंडांत राहू दे. तिने आधी सिर्पाची तब्येत विचारली. मग म्हणाली, बघते. फार माया आहे तिची त्या रोपावर. 

७ सप्टेंबर
आली. कुंडी घेऊन आली. आधी माझ्या ओळीपाशी गेली, शेवाळावर बसली, प्रत्येक रोपाला हात लावला आणि रडली. म्हणाली, जंगल विकलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला कसाई म्हटलं, बाबा असते तर माझे कान उपटले असते. ते शब्द मागे घेते. ब्लूबेरीचा केक दोनदा घेतला.
मी तिथेच सांगणार होतो. तोंड उघडलंही. सिर्पाने त्यात केक ठेवला.
तिचं रोप ओळीच्या टोकाला लावलं. मातीसकट. मुळांकडे बघितलंसुद्धा नाही, उगाच हात शिवशिवायला नकोत. हेल्वीही बघत नव्हती. तिला भरून आलं असणार.

२६ डिसेंबर
नाताळात सांगायचं ठरलं होतं. हेल्वीने स्वतः विणलेले मोजे दिले. मोजेच. रात्रभर पायात घालून पडलो, झोप नाही.
नवा ठराव: तिचं रोप हिवाळ्यातून तगलं तर सांगायचं. एक जिवंत रोप हातात धरून बोलायला धीर येईल. तोवर गप्प राहणं यालाही सहनशक्ती लागते.

१ जून
तगलं! टोकांना कोवळी हिरवी पालवी. बाबांच्या जंगलातलं एक रोप माझ्या जमिनीत वाढतं आहे, आणि मी त्याला काही केलेलं नाही. गुडघ्यावर बसून बघत राहिलो. सिर्पालाही बोलावलं. तिने टोमणा मारला नाही.

२ जून
फोन केला. सगळं सांगितलं. साबण, ब्रश, पावडर, चूल, लेबलं. शेवटी म्हटलं, हेल्वी, पण तुझं जिवंत आहे.
  ती म्हणाली, माझं जुलैतच वाळलं होतं. तू मागितलंस, तुझी सगळी फोफावलेली, कुठल्या तोंडाने सांगणार होते? बसस्टँडजवळच्या दुकानातून दुसरं घेतलं.
मी विचारलं, जुन्या कुंडीतली माती तरी? म्हणाली, बाल्कनी धुतली तेव्हा टाकली. बुरशी दिसत होती.
मग तिने विचारलं, म्हणजे सप्टेंबरमध्ये मी रडले ते कुणाजवळ? मी म्हटलं, नर्सरीतल्यांजवळ. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, मग बाबांचं आता आपल्याकडे काहीच नाही.
मी म्हटलं, नाही.
दोघंही फोन धरून बसलो. कुणी ठेवेना.