देव्हाऱ्यातला धारेचा दगड

आर्वी, बुधवार, २६ ऑक्टोबर १९७७

दसऱ्याले दुकानातली हत्यारं घरी पूजेत मांडली, अन् वस्तरा पाजवायचा काळा दगड देव्हाऱ्यातच राह्यला. तिथंच घात झाला. समुद्रपूरहून आलेल्या सासूबाई त्याले रोज हळद-कुंकू वाहून राह्यल्या. त्यानं म्हणे त्यांच्या गुडघ्याची सूज उतरली. "जवाई, देवाले हात लावू नका!"

इकडं वस्तरा बोथट. काल शाळेतले गुरुजी ओरडत उठले अन् अर्धी दाढी तशीच घेऊन गेले. असं चाललं तर उद्या दुकानात येईल कोण?

म्हणून आज सासूबाई आंघोळीले गेल्या तसा देव्हाऱ्यापुढं बसलो, दगडावर पाणी शिंपडलं अन् वस्तरा घासला. काय धार आली! तेवढ्यात पाऊल वाजलं. वस्तरा खिशात घातला, हात जोडले. दगडावर काळं पाणी तसंच.

"अवो माय, देवाले घाम फुटला!"

सासूबाईंनी ते काळं पाणी गुडघ्याले चोळलं, उरलेलं तीर्थ म्हणून घेतलं. थोडं माह्या तळहातावर टाकलं. काय करता? प्यालो.

त्यांले खरं सांगावं का? सांगीन. पण अजून दोन वस्तरे राह्यले आहेत. त्यांचं तीर्थ घेतलं की सांगीन.