न उतरणारं व्याज

२५ सप्टेंबर, गुरुवार

बँकेतली ती पोरगी एवढी हसते कशाला? "मॅडम, तुमच्या ट्रेझरी बिलाची मुदत संपली, पुन्हा लावू ना?" म्हटलं, दर काय? तर आधी हसली आणि मग म्हणाली, "आता थोडा कमी झालाय."

थोडा! मागच्या खेपेला शेकडा बावीसच्या आसपास पडले होते, आता सोळा. म्हणे केंद्रीय बँकेनं दर उतरवले, तेव्हा सगळीकडेच उतरणार. मी विचारलं, मग तुमच्या कर्जाचे उतरले का? पुन्हा हसली. बाजारात टोमॅटोची टोपली उतरली का? घरमालक भाडं उतरवणार आहे का? तो तर जानेवारीत वाढवतो म्हणून आत्तापासून खाकरतोय.

लावून आले पुन्हा. करणार काय! सरकारी दवाखान्यात उभी हयात लोकांची बाळंतपणं केली, त्या ग्रॅच्युइटीतले अर्धे इथे आणि अर्धे मैत्रिणीच्या, ओमोयेच्या बायकांच्या बचत मंडळात. एकेहुआन रोडवर आपलं घर खिडक्यांपर्यंत येऊन थांबलंय. आत गवत कमरेएवढं. व्याजातून छप्पर घालायचं, असा हिशेब होता.

पावती नीट वाचून घेतली. सही करताना ती पोरगी माझ्या हाताकडे का बघत होती कोण जाणे.

२७ सप्टेंबर, शनिवार

मंडळाची महिन्याची बैठक, ओमोयेच्या घरी. चिकन, भात, थंड बाटल्या — काही कमी नाही. ओमोये गळ्यात पोवळ्यांची माळ घालून राणीसारखी बसली होती. आम्ही नर्सिंगला एका खोलीत राहायचो तेव्हा हिच्याकडे धड एक चप्पल नव्हती, आणि आता बघा. चांगलंच आहे म्हणा. मला काही पोटदुखी नाही.

व्याज वाटलं. महिन्याला शेकडा दोन — तेवढेच! मागच्या वर्षी होते तेवढेच!

मी म्हटलं, "ओमोये, बँकेनं तर दर खाली आणले. तुझे कसे नाही उतरले?"

"अगं, बँका भित्र्या असतात," ती म्हणाली. "आणि आपण बायका हुशार." सगळ्या खो खो हसल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दोन नव्या बायकांची ओळख करून दिली, त्यांनी पाकिटं दिली आणि प्रार्थना झाली.

आपल्या मंडळाचे पैसेही ट्रेझरी बिलातच असतात, असं हीच सांगत आली आजवर. मग माझ्या बिलाला सोळा आणि हिच्या बिलाला चोवीस? सरकार काय पोवळ्याची माळ बघून व्याज देतं?

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

२९ सप्टेंबर

उयीला बोलून दाखवलं. नवरा असून उपयोग काय! एबाचा, कसाव्याच्या पिठाचा, गोळा सूपमध्ये बुडवत म्हणतो, "मॅट्रन, तू चर्चच्या दानपेटीतसुद्धा हात घालून तळ आहे का बघशील. कमी मिळाले तरी तुझी कुरकूर, जास्त मिळाले तरी कुरकूर."

"जास्त मिळतात तीच तर भानगड."

"मग मला दे. मला भानगड चालते."

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या या माणसानं, पण बॉनेट उघडून कधी बघितलं नाही. गाडी पळतेय ना, मग झालं!

१ ऑक्टोबर

देशाचा स्वातंत्र्यदिन. वीज नाही. ओमोयेच्या घरी मात्र दिवसभर जनरेटर. रस्त्यापर्यंत आवाज. डिझेल कुणाच्या जिवावर?

५ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या पायरीवर उवाइलाची आई भेटली. न्यू बेनिन बाजारात बर्फातले मासे विकते ती. पोरीला, उवाइलाला, मीच बाहेर काढली होती — पायाळू होती. तेव्हापासून ही मला बघितलं की गुडघ्यात वाकते.

आज माझे दोन्ही हात धरले. "मॅट्रन, मीही मंडळात आले. मोठा फ्रीझर विकला आणि भरले. मासे महिनाभर कमी विकेन, पण व्याज तर येईल."

"फ्रीझर विकलास? अगं, मग धंदा कशावर करणार?"

"तुम्ही आहात ना मंडळात! तुम्ही असल्यावर मी कशाला घाबरू?"

माझ्याकडे पुरावा काय? नुसता वास. तोंडातून एवढंच निघालं — सगळे पैसे एका जागी ठेवू नयेत गं. ती हसून म्हणाली, "सगळे म्हणजे केवढे असतात माझे!"



९ ऑक्टोबर

बँकेत गेले. हसऱ्या पोरीला बाजूला घेतलं. म्हटलं, समज, एखादी बाई म्हणतेय की ती ट्रेझरी बिलातून वर्षाला चोवीस देते. आत्ता. या दिवसांत.

ती पहिल्यांदाच हसली नाही.

"मॅडम, असं कुठलंही बिल नाही. ती बाई दुसरीकडे कुठेतरी लावत असेल. नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"नाहीतर कुठेच लावत नसेल."

मग मला म्युच्युअल फंडाचं माहितीपत्रक दिलं. बघा! प्रत्येकाला आपापलं काहीतरी विकायचं असतंच. तरी माहितीपत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा, एकीचा, वॉरीहून फोन. औषधांच्या दुकानात पगारी फार्मासिस्ट म्हणून राबते, स्वतःचं दुकान काढायचं म्हणून पै पै जमवते. मालक तिच्या जिवावर दोन दुकानांचा झाला. ती तिथेच.

"आई, बँकेत ठेवून काही होत नाही गं. दुकानाचं पागडीभाडं पळतंय पुढे आणि व्याज चाललंय मागे. काय करू?"

म्हटलं, जरा थांब, घाई नको.

"तू नेहमी हेच म्हणतेस."

मंडळाचं सगळं सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण एकी म्हणजे ओमोयेची लाडकी, तिच्या बारशाला — नाव ठेवायच्या दिवशी — पहिलं पाणी हिच्या ओठांना ओमोयेनंच लावलं. ही लगेच मावशीला फोन करून विचारणार. म्हटलं, आधी खात्री करून घेऊ, मग बोलू. फोन ठेवून दिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेले ओमोयेकडे. न सांगता, भर दुपारी. माळ नव्हती गळ्यात. जुन्या कापडात, पाय सुजलेले, एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून शेंगदाणे खात होती.

मी बसलेसुद्धा नाही. "ओमोये, पैसे कुठे आहेत?"

"कुठले? अगं बस तरी. पाणी पी."

"ट्रेझरी बिलात नाहीत. मी विचारून आले."

"आहेत. काही आहेत. बाकीचे डॉलरच्या रोख्यांत…"

"कुठल्या?"

गप्प झाली. बाळंतपणात बाई ओरडते तोवर भीती नसते. गप्प होते तेव्हा धावायचं असतं.

मग स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. सुरुवातीला खरंच होते सगळे बिलात. वर्षभर छान चाललं. मग दर पडायला लागले. "मी सांगणार होते गं त्या बैठकीत, शपथ! दोनाचा दीड होईल म्हणून सांगणार होते. पण सगळ्या नवी कापडं शिवून आल्या होत्या, माझ्या नावानं गाणं म्हणत होत्या. एका बाईनं तर पोराची शाळेची फी ह्याच व्याजावर ठरवलेली. माझं तोंडच उघडेना. म्हटलं, या महिन्यापुरतं मुदलातून देऊ, पुढे दर चढले की भरून काढू." दर चढले नाहीत. उतरतच गेले. मग नवीन येणाऱ्यांचे जुन्यांना.

"आणि जनरेटर? चिकन?"

"कमी केलं असतं तर तुम्हाला संशय आला असता."

मला हसूच आलं. आणि मग रागही आला. कॉलेजात हिच्या तापात मी उशाशी बसले होते, आणि ही माझ्या छपराचे पैसे मला महिन्या-महिन्यानं माझंच व्याज म्हणून देत होती!

म्हटलं, "माझे दे."

"सगळे? आत्ता? अमेन्झे, तू काढलेस आणि कळलं, तर एका दिवसात सगळ्या दारात येतील. कुणालाच काही मिळणार नाही."

"मग कळू देऊ नकोस."

तिनं मान वर केली. "आणि तू? तू सांगशील त्यांना?"

उवाइलाची आई डोळ्यांसमोर आली. खोटं कशाला लिहू, आली. बर्फाच्या पाण्यानं पांढरे पडलेले तिचे हात.

"माझे मिळाले," मी म्हटलं, "तर मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही."

"परवापर्यंत थांब. उद्या कुठूनतरी येणार आहेत."

कुठून, ते मी विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर

उयीला सांगायचं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. दोन ग्लास ताडी झाली की अख्ख्या उसेलू वस्तीला कळेल.

मी काही चोरी केलेली नाही. माझे ते मी मागितले. एवढंच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आले! सकाळी फोनवर बँकेचा संदेश. सगळे. एक छदामही कमी नाही.

तडक बँकेत गेले, सगळे ट्रेझरी बिलात लावून टाकले. सोळा तर सोळा! पोरगी म्हणाली, "मॅडम, आज खुशीत दिसता." मी म्हटलं, तुला काय करायचंय?

घरी येताना न्यू बेनिनवरून यायचं टाळलं. लांबून आले, टॅक्सी बदलून.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बैठक रद्द. ओमोयेचा सगळ्यांना निरोप — प्रकृती बरी नाही, पुढच्या आठवड्यात. बायकांचे मला फोनवर फोन. "मॅट्रन, तुमची मैत्रीण ना, बघून या की काय झालंय." बरं म्हटलं. गेले नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ओमोयेचा फोन बंद. फाटकाला कुलूप. जनरेटर गेलेला, त्या जागी नुसता तेलाचा डाग. शेजारी म्हणतात, रविवारी चर्चला निघाल्यासारखी कपडे करून निघाली ती परतलीच नाही.

जावंच लागलं, न जाणं दिसलं असतं. फाटकापाशी सगळ्या. कुणी शिव्या देतंय, कुणी उपास-प्रार्थना करू म्हणतंय, कुणी पोलिसांत जाऊ म्हणतंय. पोलिसांच्या गाडीच्या पेट्रोलचे आधी कोण देणार, यावर भांडण. मीही कपाळाला हात लावला. कुणाकडे तरी बघून डोळे टिपले. मला जमलं ते!

उवाइलाची आई मातीत बसली होती, लाल धूळ सगळ्या कापडाला. मला बघून उठली. म्हटलं, आता ही मला बोल लावणार. तर तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "मॅट्रन, तुमचं तर घराचं होतं हो. माझं काय, फ्रीझरच तर होता."

घरी आल्यावर उयीनं विचारलं, "आपले?"

मी पर्स खुंटीला अडकवत राहिले. तो जवळ येऊन बसला. म्हणाला, "तू सांगत होतीस. मीच हसलो." आणि त्यानं माझ्यासाठी चहा केला. संसारात पहिल्यांदा! साखर भरमसाट घातली होती. प्यायले.

३० ऑक्टोबर

उवाइलाच्या आईला काहीतरी पाठवावं, असं सारखं मनात येतंय. पण पाठवले तर विचारतील ना — हिच्याकडे आले कुठून? सगळ्यांचे बुडाले आणि हिच्याकडे आहेत! बायका काही दुधखुळ्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीच आधी विचारलं असतं.

थोडे दिवस जाऊ देत.

१ नोव्हेंबर, शनिवार

एकी आली. न कळवता. बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाली, "आई, दुकानासाठी जमवलेले सगळे मी ओमोये मावशीकडे भरले होते. पंधरा तारखेला. मीच म्हटलं तिला, आईला सांगू नकोस, ती शंभर प्रश्न विचारेल."

पंधराला. सोळाला माझे आले.

मग गळ्यात पडून रडली. रडता रडता माझीच पाठ चोळायला लागली. "तुझेही गेले ना गं, आई?"

मी म्हटलं, हो.