काकड्याआधी स्पीकर बोलला पाहिजे

सायखेडा, ३ ऑक्टोबर

चि. निकितास,
आत्याचे अ. उ. आ.

फोनवर तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून ही चिठ्ठी दीपकच्या भाजीच्या टेम्पोतून धाडते. आमच्या महिला भजनी मंडळाचा स्पीकर बसला. खंडेनवमीला टाळ-मृदंगाबरोबर त्याचीही पूजा केली. पूजा नीट पोचावी म्हणून पुढची जाळी काढली, मी ओल्या कुंकवाची बोटं ओढली आणि मंडळातल्या उज्वलाने नारळाचं पाणी थेट त्याच्या तोंडावर शिंपडलं. देव प्रसन्न झाला असेल, स्पीकर नाही. आतला कागदी कोन मऊ पडून फाटला, एका बाजूने कडही सुटली. लावला की नुसती खरखर.

मंगळवारपासून पहाटेचा काकडा सुरू होतो. मला टाळ धरायला शिकवणारी नवसाबाई खुब्याचं हाड मोडून मळ्यातल्या घरी पडून आहे. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच काकड्याला नसेल. अंथरुणात ऐकू येईल, असा मी तिला शब्द देऊन बसले, आणि नुसत्या गळ्याचा आवाज तिथवर जात नाही. दुकानदार म्हणतो दिवाळीनंतर या. तू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एवढी यंत्रं सांभाळतेस, काहीतरी सुचव.

मायेने वाट बघणारी,
कुसा आत्या

नाशिक रोड, ४ ऑक्टोबर

ति. आत्यास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी वाचून आधी पोट धरून हसले, मग ड्युटीवर दिवसभर तोच विचार. हे घरी होतं, आत्या. कॉलेजात असताना मी माझा स्पीकर असाच जोडला होता.

कोनाच्या मधली गोल टोपी ब्लेडने हलक्या हाताने सोडव. खाली तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, दिसेल. भोवतीच्या फटीत कुंकू वाळून बसलं असणार, ते चिकटपट्टीने टिपून घे. फुंकू नकोस. मग जुन्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या फटीत चारी बाजूंनी खोच, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहील. आता सुटलेली कड चिकटव, आणि फाटलं तिथे पातळ केलेल्या फेव्हिकॉलने टिश्यू पेपर लाव. सावलीतच वाळव, पापडासारखं उन्हात टाकू नकोस. शेवटी टोपी बसव आणि घड्याळातला सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकव. कोन टक् करून उडाला की जिंकलीस.

मला सुट्टी नाही, नाहीतर आजच दीपकशेजारी बसून आले असते. लोभ आहेच, त्याला धीराची जोड दे.

तुझी भाची,
निकिता

सायखेडा, ५ ऑक्टोबर

चि. निकितास,
अ. उ. आ.

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. एक्स-रे नवसाबाईनेच दिला. म्हणाली की मोडलेल्या हाडाचा कुणाला तरी उपयोग होऊ दे. तिच्या खुब्याच्याच पट्ट्या कापून चारी बाजूंनी खोचल्या. ठिगळ असं बसलंय की शोधावं लागेल. वाळलं, टोपीही बसवली. पण सेल लावला तर कोन ढिम्म हलत नाही. पट्ट्या आत चांगल्या घट्ट आहेत, तेव्हा आधार कमी पडलाय असंही नाही. परवा काकडा आहे गं. उज्वला तर मला बघून तोंड चुकवते.

काळजीतली,
आत्या

नाशिक रोड, ६ ऑक्टोबर

ति. आत्यास,
सा. न.

वाळल्यावर पट्ट्या काढायच्या होत्या आत्या, टोपी बसवायच्या आधी. ते लिहायचं मीच विसरले. टोपी पुन्हा सोडव, एकेक पट्टी सरळ वर ओढ, वाकडी नको. दीपकला सांगितलंय की वाटेत कुठे चहालाही थांबायचं नाही.

घाईत पण तुझीच,
निकिता

सायखेडा, ७ ऑक्टोबर

चि. निकितास,
पोटभर आशीर्वाद.

उडाला, निकिता. काल सेल टेकवला आणि कोन टक् करून उडाला. उज्वलाने मला मिठी मारली आणि मग आळीपाळीने आम्ही त्याला इतकं उडवलं की सेलच संपला. घरातलं घड्याळ आता बंद आहे.

आज पहाटे देवळात बायका मावेनात. स्पीकर स्वच्छ बोलला. गाताना माझं लक्ष मात्र मळ्याकडे. वारा उलटा होता, जीव थाऱ्यावर नव्हता.

आरती झाल्यावर नवसाबाईची सून शुभांगी दुधाची किटली घेऊन आली. तिला विचारायचाही धीर होईना. तिनेच सासूचा निरोप सांगितला, आणि तो शाबासकीचा नव्हता. तिसऱ्या अभंगात कुसाने एक ओळ खाल्ली, उद्या खाऊ नकोस म्हणावं.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. ओळ मी खरंच खाल्ली होती, आणि देवळात कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

माया कमी करू नकोस,
कुसा आत्या