निरोपाचा तुकडा

३ मार्च
तुम्पात शहराच्या पुढच्या या गावात एकदाचा पोचलो. कलासंस्थेसाठी म्हाताऱ्या मेक बिदाहच्या मकयोंग या नाचगाण्याच्या नाटकमंडळीवर फिल्म करायची, आणि काम होईतो तिच्याच घरी राहायचं. चैन आहे! मेकची नजर मोतीबिंदूने अधू झालीय, जीभ मात्र तिखट. माझ्या खांद्यावरचा कॅमेरा चाचपून म्हणाली, अरे फिकरी, यंत्र एवढं नि तू एवढासा, वाऱ्याने उडालास तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? तिची मुलगी रोहाना खो खो हसली. जेवायला निळा भात आणि बुदूची, म्हणजे आंबवलेल्या माशांची, चटणी. दोनदा मागून घेतला.

६ मार्च
आज खेळ चित्रित केला. आधी मेक रबाबासमोर बसून न दिसणाऱ्या पाहुण्यांना गाऊन बोलावते, शेवटी हळूहळू पुटपुटत त्यांना निरोप देते. तिने एकच गोष्ट बजावली. बाकी हवं ते काप, बाळा, पण निरोप कापू नकोस. पाहुणे बोलावून जा म्हणायला विसरलं, तर ते घरात ठाण मांडतात. मी म्हटलं, छे, मेक!

१४ मार्च
संस्थेला तीनच मिनिटं हवी होती. निरोप फार संथ, म्हणून कापला. मेकचा हात वर जातो तिथेच संपवलं. व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. मेकने विचारलं, निरोप आहे ना रे त्यात? मी हो म्हटलं. तिने पाठ थोपटली आणि माशाचं डोकं मला वाढलं. मी ते सगळं खाल्लं. लाज वाटते.

१७ मार्च
भाजी निवडता निवडता मेकची बोटं मागे वळू लागली, नाचात वळतात तशी. वय झालं म्हणून तीच हसली. शेजारच्या कॉफीच्या दुकानात कुणीतरी माझा व्हिडिओ लावला होता.

१९ मार्च
मेक बसतच नाही. बोलावणं गाते, हात वर नेते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून. नेमकी तिथेच थांबते. ती जागा मी ओळखतो. मीच कापलीय.

२० मार्च
व्हिडिओ काढून टाकला. पण घरोघरी फोनवर उतरवलेला आहे. मूळ चित्रण मी कॅमेऱ्याच्या कार्डावर जागा करायला पुसलं होतं. रोहाना रडत म्हणाली, निरोप राहिला असेल तर आई स्वतः देईल, तिला फक्त कळायला हवं, राहिलाय का? नाही, मोठ्या फिल्ममध्ये आहे, असं मी म्हटलं. तिच्या तोंडावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी नाहीच म्हटलं—

२१ मार्च
मेकच्या पायांतून रक्त. भरदुपारी चटया दबलेल्या, कुणी बसल्यासारख्या. माणूस एकही नाही. मी आत गेलो की चटया सरकून मला जागा—

२२ मार्च
मेक नाचता नाचता मला हाका मारतेय. निरोप आहे ना रे, बाळा? आवाज तिचा एकटीचा नाही. ती पडायला आली— जाऊन सांगायलाच हवं. तोंडून निघत नाही म्हणून आधी लिहितो. बोटं मागे वळतायत, पेन धरवत— मेक, मला माफ कर, निरोप मीच का