ओडम खटल्यात मी दिलेले खोटे उत्तर

प्रति,
मा. ज्युरी निवड अधिकारी,
ब्रॅडवेल काउंटी न्यायालय, ओहायो.

विषय : माझे उत्तर खोटे होते, हे ज्युरींना निकालापूर्वी कळविण्याबाबत.
संदर्भ : सरकार विरुद्ध टेरेन्स ओडम (घरफोडी), सोमवारची ज्युरी निवड.

महोदया,

१. निवडीसाठी बोलावलेल्यांत मी होते. माझे बाळ चार महिन्यांचे असून अंगावरच पिते, बाटलीला तोंड लावत नाही. हे आधी लेखी कळवले असते तर मला सूट मिळाली असती. परंतु आज-उद्या करत ते राहून गेले. भरल्या दालनात उठून दूध पाजण्याचे कारण सांगायची मला लाज वाटली.

२. शेजारच्या लोरेटाताईंनी सुटकेची युक्ती सांगितली होती, "एवढंच म्हण, हा आरोपी मला चोरच दिसतो. त्याचा वकील स्वतः तुला घरी पाठवतोय बघ!" त्याप्रमाणे, निःपक्षपाती राहाल ना, असे न्यायाधीशांनी विचारताच मी म्हणाले, "नाही जमणार. ह्याच्याकडे बघूनच कळतं, ह्यानंच केलंय." वास्तविक तोवर मी आरोपीकडे पाहिलेच नव्हते, घड्याळाकडे पाहत होते. बोलून झाल्यावर पाहिले. विशीतला मुलगा, खाली मान घातलेला. मागच्या बाकावरून त्याची आई म्हणाली, "टेरी, मान वर कर."

३. मला लगेच मोकळे करण्यात आले. पर्स उचलताना, निवडीसाठीच आलेले शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ कुजबुजले, "लेकुरवाळ्या बाईला माणूस बरोबर कळतो." घरी बाळ असल्याचे मी आधीच्या प्रश्नाला सांगितले होते. त्यांना "तसं नाही हो," इतकेही मी म्हणाले नाही. दाराशी पोचते तोच त्यांची निवड झाल्याचे ऐकले. ज्युरींच्या पाचव्या खुर्चीवर ते बसले आहेत.

४. माझे पती म्हणतात, "सुटलीस ना? मग गप्प बैस. कोण लक्षात ठेवतंय!" एकाने ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना गाठून सांगावे असेही मनात आले. परंतु चालू खटल्यात ज्युरीशी बोलणे हा आणखी एक गुन्हा ठरेल, म्हणून हा अर्ज.

५. तरी हा अर्ज न्यायाधीश व दोन्ही वकिलांपुढे ठेवावा. गरज पडल्यास हे सर्व मी आरोपी व त्याच्या आईसमोर उभी राहून सांगेन. शपथेवर खोटे बोलल्याची शिक्षा मला मान्य आहे. ती सवडीने ठरवता येईल. ज्युरी मात्र उद्या दुपारी निकालासाठी आत बसणार आहेत.

आपली, मान खाली घालून,
रोवेना पिकेट
बुधवार, २१ ऑक्टोबर

सोबत : ज्युरीच्या बोलावण्याची प्रत, सहीचे प्रतिज्ञापत्र.