लॉगिन लालसाबभाईंचं, ठिकाण दुधनी

सोलापूर,
१४ मे २०२५

चि. इंद्रजीत,

आशीर्वाद. तू आणि ऋतुजा पुण्यात मजेत असाल. माझं विचारशील तर मी सध्या सिंगापूरला राहते. तू कारखान्यात व्हीपीएन बसवलंस त्या दिवसापासून माझ्या संगणकाची तशी पक्की समजूत झाली आहे. बाहेर त्रेचाळीस डिग्री, अंगाची लाही होतेय, आणि पडद्याच्या कोपऱ्यात रोज लिहून येतं, पावसाची शक्यता, छत्री जवळ ठेवा. माणसाने किती अपमान सोसावा याला काही मर्यादा?

शनिवारी ई-वे बिलाचं सरकारी पान उघडेना. त्यालाही मी परदेशी वाटले. टॉवेलची गाडी दोन तास गेटवर उभी. धुळा ड्रायव्हर खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, सिंगापूरला तुमी आन् उन्हात म्या. ह्यो कुटला न्याय?" शेवटी व्हीपीएन बंद केलं, बिल काढलं, परत चालू केलं. त्याचीही नोंद तुझ्याकडे आली असेलच.

गुण नाहीत असं मी म्हणत नाही. विमानतळाच्या फुकट वायफायवरून तू दर पाठवलेस, ते बाहेरच्या कुणाला वाचता आले नाहीत. लालसाबभाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ते घरी बसून नक्षीच्या फाइली उघडू शकले. मान्य.

पण व्हीपीएन म्हणजे बोगदाच, आणि या बोगद्याचं दुसरं तोंड तुझ्या टेबलावर उघडतं, हे तू बसवताना सांगितलं नव्हतंस. बाहेरच्यांना काही दिसत नाही, मालकाला मात्र कोण, किती वाजता, कुठून आलं याची यादी मिळते. त्या यादीवर तू लालसाबभाईंना घरी बसवलंस. तीस वर्षं आपल्या टॉवेलवर नक्षी काढणारा माणूस. आज अकरा दिवस झाले. तीन गुरुवार, संध्याकाळची वेळ, लॉगिन त्यांचं, ठिकाण दुधनी. त्यात आपली कमळवेलीची नक्षी नवी पेठेत दुसऱ्याच्या टॉवेलवर दिसली, आणि तू सुतावरून स्वर्ग गाठलास की लालसाब नक्षी विकतो.

अरे, टॉवेल दुकानात टांगला की नक्षीही टांगली गेली. कुणीही विकत घ्यावा, भिंग लावून धागे मोजावेत. त्याला कुठलं व्हीपीएन अडवणार? बाबांनी ती वेल तशीच आणली होती. भिंग मी धरलं होतं.

आता दुधनी. तिथे लालसाबभाई नव्हते. मी होते.

माझं लॉगिन तू ऑफिसच्या संगणकापुरतंच ठेवलंस. "ताई, तुला बाहेरून काय करायचंय?" म्हणालास. पहिल्या गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, तिथे बसल्यावर लक्षात आलं की सकाळी सुटणाऱ्या मालाच्या यादीत चूक आहे. मी लालसाबभाईंना फोन करून त्यांचा पासवर्ड मागितला. "घ्या की ताई. नातीचं नाव हाय, माहेनूर, आन् तिचं जन्मसाल." (बदललाय आता, घाम पूस.) पुढचे दोन गुरुवार मी विचारलंसुद्धा नाही.

दुधनीला, कर्नाटकच्या सीमेजवळ, तुरीची आडत आहे, सोमशेखर नावाच्या गृहस्थांची. तू ओळखत नाहीस. कापडाशी त्यांचा संबंध खांद्यावरच्या टॉवेलपुरता, आणि तोही आपला नाही. विधुर आहेत. मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात आणि परत यायचं विसरतात. मी लॅपटॉप उघडला तर म्हणाले, "आदी काम संपवा. ऊटा कुटं पळत न्हाय." ऊटा म्हणजे जेवण. एवढं कानडी मला आता येतं.

पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतो आहोत. जात वेगळी, भाषा वेगळी, आणि वधूचं वय एकोणपन्नास. लोक बोलतील. बोलू देत, त्यांनाही काही काम पाहिजे. तुला कळवते आहे, विचारत नाही.

ते लपवलं याची मला लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे. तू पुण्याहून येऊन लालसाबभाईंना समोर उभं केलंस, तेव्हा ते म्हणाले, "पासवर्ड माझा हाय. तितं कोण होतं, ते मी सांगणार न्हाय." तुला तो उर्मटपणा वाटला. कोण होतं हे त्यांना ठाऊक होतं. आणि मी शेजारच्या खोलीत पाठवणीची बिलं लावत ते ऐकत होते. तू गेल्यावरही गप्पच राहिले.

तर शुक्रवारपासून लालसाबभाई कामावर येतील. तसं पत्र मी सही करून दिलं आहे. बाबांनी कारखाना दोघांच्या नावे केला, तेव्हा माझी सही तुझ्याएवढीच चालते. नियम मी मोडला. कुणाला काढायचं असेल तर मला काढून बघ. हे सगळं कागदावर लिहिलंय, म्हणजे तुला पुरावा म्हणून फायलीला लावता येईल.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेले होते. रुक्सानाभाभी होत्या, माहेनूर अभ्यास करत होती. सगळ्यांसमोर म्हटलं, तुमचं नाव मी वापरलं, आणि तुमच्यावर आलं तेव्हा तोंड उघडलं नाही. माझं चुकलं. लालसाबभाई माझ्या तशाच भरलेल्या चहाच्या कपाकडे बघून म्हणाले, "साखर कमी झाली का, ताई?"

मी नाही म्हटलं, आणि सगळा चहा प्यायले.

तुझी थोरली बहीण आणि निम्मी मालकीण,
वैजयंती